आधी खाट उलटी कर

कराड

चि. मृणाल,

तू पाठवलेला दंडाचा फोटो पाहिला. फोनवर ‘डासच असतील गं आत्या’ म्हणालीस आणि परीक्षेच्या तारखांवर गेलीस. बोलून सांगितलं असतं तर ‘हो, हो’ करून सोडून दिलं असतंस. म्हणून लिहून पाठवते आहे. खोलीतल्या बाकीच्या मुलींनाही वाचायला दे. माझी सगळी नोकरी मुलींच्या वसतिगृहात गेली. गाद्या उचलून बघण्यात मी कुणाला हार जायची नाही.

फोटोत तीन गांधी एका ओळीत उठलेल्या दिसतात. ढेकूण असे ओळीने चावतात खरे, पण तेवढ्यावर निकाल देऊ नकोस. अंगावरच्या खुणेचा भरवसा नाही. डास चावला की लगेच कळतं. ढेकणाची गांध कधी दुसऱ्या दिवशी उठते, कधी आठवड्यानंतर, त्यामुळे कुठे झोपलो असताना चावलं याचा पत्ताच लागत नाही. काहींच्या अंगावर तर काहीच उठत नाही. शेजारच्या खाटेवरची ती मुलगी ‘मला नाही बाई काही चावत’ म्हणते ना? वस्ती तिच्याच खाटेत असू शकते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाशी बारीक पुरळ असेल आणि रात्री खाज वाढत असेल, तर मात्र ती खरूज असण्याचा संभव आहे. ते डॉक्टरांना दाखव.

आता खाटेकडे वळ. लोखंडी खाटेत ढेकूण होत नाहीत असं तुमचे खोलीमालक सांगतील. पाइपाची उघडी तोंडं, स्क्रूची भोकं, प्लायवूडच्या कडा हीच तर त्यांची घरं. रविवारी दिवसाउजेडी चौघी मिळून गाद्या उतरवा आणि खाटा उलट्या करा. मोबाइलचा टॉर्च हवा, एखादं जुनं एटीएम कार्ड हवं आणि चिकटपट्टी. कार्डाचा कोपरा फटीतून सावकाश फिरव. आत कुणी असेल तर बाहेर येईल, तो चिकटपट्टीवर उचल.

गादीची मगजी बोटांनी उलटून बघ, विशेषतः उशाकडच्या दोन्ही कोपऱ्यांत. तिथे कापडात मुरलेले बारीक काळे ठिपके पुंजक्याने दिसले तर ती त्यांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. ओलं फडकं घासलंस की ठिपका तांबूस-तपकिरी फिसकटतो. झुरळाची घाण दाणेदार असते, झटकली की पडते. हा फरक नीट लक्षात ठेव; माझ्या मते याच्याइतकी पक्की खूण दुसरी नाही. शिवाय फिक्या, पोकळ काती सापडतील. पिल्लू मोठं होईपर्यंत पाचदा कात टाकतं, आणि दर वेळी आधी रक्त पितं. अंडी पांढरी, जेमतेम एक मिलिमीटरची, फटीत चिकटवलेली. चष्म्याशिवाय मला दिसत नाहीत, तुला दिसतील. पुरा वाढलेला ढेकूण मसुरीच्या दाण्यासारखा चपटा, तपकिरी असतो. रक्त प्यायला की लांबट फुगतो आणि लालसर दिसतो. चादरीवर रक्ताचे डाग पडतात ते असा टम्म झालेला एखादा कुशीखाली चिरडला गेल्यामुळे. उग्र, कुबट वास येईपर्यंत थांबू नकोस. तो यायला लागला म्हणजे फार झालेले असतात.

खाटेत काही नाही मिळालं तर भिंतीवरचं कॅलेंडर, स्विचबोर्डाच्या कडा आणि उशाशी रचलेल्या गाइडांच्या पुठ्ठ्यांच्या बांधणीत बघ. पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोल्यांत जाणाऱ्या मुलीची गादी येणारी मुलगी स्वस्तात घेते, आणि ढेकूण तिच्यातून फुकट येतात. त्यांना अस्वच्छता लागत नाही. रक्त आणि फट एवढं पुरतं. तेव्हा लाजून गप्प बसू नका. रोगाच्या भीतीने घाबरूनही जाऊ नका. मद्रासच्या पॅटन नावाच्या डॉक्टरांना एके काळी काळा आजार ढेकणांमुळे पसरतो असं वाटलं होतं. पुढे १९४२ मध्ये तो वाळूमाशीमुळे होतो हे सिद्ध झालं. ढेकणामुळे माणसाला रोगाची लागण होते असं आजवर सिद्ध झालेलं नाही. झोप मात्र जाते, आणि परीक्षेच्या वर्षात ते काही कमी नाही.

सापडले तर एकटीच्या खाटेवर फवारा मारून भागणार नाही. सगळ्या खाटांवर, शेजारच्या खोलीतसुद्धा, एकाच दिवशी फवारणी व्हायला हवी, आणि अंड्यांतून निघालेल्यांसाठी दोनेक आठवड्यांनी पुन्हा. मालकांना चौघींनी मिळून सांगा, चिकटपट्टीवरचा पुरावा दाखवा. गादी उन्हात घातली की ते खालच्या गार बाजूला सरकतात, म्हणून नुसत्या उन्हावर विसंबू नका. चादरी-अभ्रे कडकडीत पाण्यात भिजवा. रॉकेल ओतायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. आणि धान्यात ठेवायच्या कीडनाशक गोळ्या खोलीत आणूच देऊ नका. त्यातून निघणारा वायू बंद खोलीत माणसाचा जीव घेतो. यात मी गंमत करत नाही.

दादा-वहिनींना एवढ्यात काही कळवू नकोस, वहिनी पहिल्या गाडीने पुण्याला येईल.

तुझी,
आत्या

ता. क. दिवाळीला येताना बॅग घरात आणू नकोस. मागच्या अंगणात उघड, कपडे तिथूनच थेट उकळत्या पाण्यात टाकू, आणि बॅगेच्या शिवणी मी स्वतः बघेन. काही न बिचकता ये.