मी कोण? हजीऱ्यातील कबरीजवळचा एक धडा

(कुमारवर्गाच्या शिक्षकांसाठी)

शास्त्रपाठ : लूक १५:११-३२



चौदा-पंधरा वर्षांचे मूल वर्गात विक्षिप्त वागू लागले की आपण त्याला गप्प बसवितो. पण त्या विक्षिप्तपणाआड बहुधा तीन प्रश्न दडलेले असतात. मी कोण? माझ्यावर खरे प्रेम कोणाचे? माझे जीवन मी ठरवावे की इतरांनी? या प्रश्नांचा विचार करण्यासाठी ग्वाल्हेरच्या हजीरा भागात जाऊ या.

तेथे सूफी साधू मुहम्मद घौस यांची नक्षीदार दगडी जाळ्यांची भव्य कबर आहे. तिच्या शेजारीच तानसेनाची लहानशी कबर आहे. आख्यायिका अशी की, बेहट गावचा हा मुलगा पशुपक्ष्यांचे हुबेहूब आवाज काढी. एकदा त्याने झाडाआडून वाघाची डरकाळी फोडून स्वामी हरिदासांच्या शिष्यांना घाबरविले. गुरूंनी त्याला शिक्षा केली नाही. त्या खोडीतच त्यांना त्याचा गळा ऐकू आला. आपल्या वर्गातील खोड्यांत आपल्याला काय ऐकू येते?

तानसेन हिंदू की मुसलमान, हा वाद लोक घालीत आले आहेत. ‘तू कोण’ हे दुसऱ्यांनीच ठरविण्याची ही रीत आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. घरी मराठी, शाळेत हिंदी, रविवारी मंडळीत. प्रत्येक ठिकाणी त्यांना वेगळे नाव मिळते.

कबरीजवळ चिंचेचे झाड आहे. त्याचा पाला चघळला की गळा गोड होतो, अशी गायकांची समजूत. परंतु दुसऱ्याचा गळा पानातून मिळत नाही. “अमक्यासारखा हो” असे मुलाला सांगताना आपणही त्याच्या हाती चिंचेचे पानच देत असतो.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण. १५६२ साली अकबराच्या मागणीवरून राजा रामचंद्रांनी आपल्या या गायकाला मोगल दरबारी पाठविले. दोन सत्ताधीशांमध्ये गायकाच्या इच्छेला कितीसा वाव असणार?

आता दृष्टांतातील बाप पाहा. धाकटा निघाला तेव्हा त्याने दाराला कडी घातली नाही. थोरला रुसला तेव्हा त्याला ओढून आत आणले नाही. स्वतः बाहेर जाऊन विनवणी केली. हुकमाने माणूस दरबारी आणता येतो, घरी आणता येत नाही. जेथे ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक असते, तेथेच ‘होय’ला किंमत येते. मात्र मोकळीक म्हणजे दुर्लक्ष नव्हे. मुलगा दूर असतानाच बापाने त्याला पाहिले, कारण त्याचे डोळे वाटेकडे लागले होते.

चर्चेसाठी प्रश्न :
१. कोणत्या नावाने हाक मारलेली तुम्हाला आवडत नाही? का?
२. थोरला मुलगा घरीच होता. तो खरोखर मोकळा होता काय?
३. तुमचा कोणता निर्णय घरच्यांनी ऐकून घ्यावा असे वाटते?

शिक्षकांनी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लगेच देऊ नये. आधी ऐकावे.