सरांचे पान विश्वकोशात का नाही?

विकिपीडियावर कुठल्याशा नटाचे पान आहे आणि वर्षानुवर्षे थर्मो शिकवणाऱ्या आपल्या सरांचे नाही, हा विषय मेसमध्ये निघाला की सगळेच सरांच्या बाजूने होतात. पण मित्रांनो, 'सर चांगले आहेत का?' हे विश्वकोश विचारतच नाही. सरांच्या कामाबद्दल त्यांच्याशी संबंध नसलेल्यांनी कुठे लिहून ठेवले आहे का, हे तो विचारतो. याला 'उल्लेखनीयता' असा जड शब्द आहे.

आता प्राध्यापकांवर वर्तमानपत्रांत लेख सहसा येत नाहीत. म्हणून विकिपीडियाने त्यांच्यासाठी वेगळ्या कसोट्या ठेवल्या आहेत. संशोधनाचा विषयावर पडलेला ठसा, राष्ट्रीय पातळीवरचा मोठा सन्मान, विद्यापीठाचे किंवा मोठ्या विद्वत्संस्थेचे सर्वोच्च पद वगैरे. एक जरी पुरी झाली तरी भागते, फक्त पुरावा हवा. आयईईईचे स्टुडंट मेंबर आपण फी भरून होतो, ते धरत नाहीत. फेलो निवडले जातात, ते धरतात. विभागप्रमुखपदही धरत नाहीत (एच.ओ.डी. सरांनी रागावू नये!).

सायटेशनचे आकडे मात्र जपून वापरावेत. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या एका पेपरला पाच हजारांवर लेखक होते. त्यातल्या प्रत्येकाचे पान करायचे का? उलट गणितात थोड्या सायटेशनचा माणूसही मोठा असू शकतो.

कसोट्या असूनही घोटाळा होतो, त्याचे उदाहरण म्हणजे कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या डॉना स्ट्रिकलंड. लेसरचा अतिसूक्ष्म काळाचा स्पंद आधी ताणायचा, मग वर्धित करायचा आणि शेवटी पुन्हा दाबायचा, म्हणजे प्रचंड शक्ती मिळते आणि वर्धकही जळत नाही. ही युक्ती त्यांनी आपले मार्गदर्शक जेरार मुरू यांच्याबरोबर १९८५ मध्ये मांडली. मे २०१८ मध्ये त्यांच्यावरचा मसुदा इंग्रजी विकिपीडियाकडे गेला, आणि दिलेल्या संदर्भांतून उल्लेखनीयता दिसत नाही म्हणून परत आला. २ ऑक्टोबरला त्यांना भौतिकीचे नोबेल जाहीर झाले! सहविजेते मुरू यांचे पान आधीपासून होते.

गंमत म्हणजे नियमाप्रमाणेसुद्धा त्या बसत होत्या. २०१३ मध्ये त्या ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या, म्हणजे सर्वोच्च पदाची कसोटी तिथेच पुरी झाली होती. तपासणाऱ्याने मसुद्याखालचे संदर्भ पाहिले, बाहेर शोधले नाही. आमच्या मते दोष त्याच्या एकट्याचा नाही. ज्यांच्याबद्दल बाहेर कुणी लिहीतच नाही, त्यांचे पान होणे अवघड, आणि स्त्री-संशोधकांबद्दल मुळात कमी लिहिले जाते.

पदावाचूनही कसोटी पार होते. देवळालीचे द. रा. कापरेकर शाळामास्तर, पदव्युत्तर पदवी नाही. पण ६१७४ हा 'कापरेकर स्थिरांक' त्यांच्या नावाने ओळखला जातो, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'च्या सदरात त्यांच्यावर लिहिले. दोन्ही गोष्टी दुसऱ्यांनी केलेल्या.

तेव्हा सरांचे पान लिहायचेच असेल, तर आधी लायब्ररीत बसून असे दोन-तीन पुरावे शोधा. सरांचा बायोडेटा, कॉलेजचे माहितीपत्रक आणि आपला हा अंक, तिन्ही चालत नाहीत.