तळ्यांच्या मुलुखांतील पायवाट

इयत्ता नववीच्या वर्गांत फ्रान्स देशाचा नकाशा भिंतीवर लावला असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, येथें शाई उडाली आहे काय?” त्याचें बोट पॅरिसच्या दक्षिणेस, ल्वार व शेर या दोन नद्यांच्या मधल्या प्रदेशावर टेकलेलें होतें. वर्ग हंसला, परंतु मला त्या मुलाचें कौतुक वाटलें, कारण नकाशाच्या इतक्या जवळ जाऊन पाहणारे थोडे असतात. ते निळे ठिपके शाईचे नव्हते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक तळें होतें. तास संपल्यामुळें त्या दिवशीं जें सांगावयाचें राहिलें तें येथें लिहीत आहें. पालकांनींही तें वाचावें अशी विनंति आहे. कारण या हकीगतीच्या शेवटीं वाटेच्या हक्काचा एक प्रश्न उभा राहतो, आणि ज्यांच्या शेताला वाट नाहीं किंवा ज्यांच्या शेतांतून दुसऱ्याची वाट जाते, त्यांस तो मुलांहून लवकर उमजेल.

या प्रदेशाचें नांव सोलोन्य. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ५ लाख हेक्टर असून त्यांत जवळजवळ ३,००० तळीं आहेत. मी स्वतः तेथें गेलेलों नाहीं. नकाशे पाहून व ग्रंथ वाचून जें समजलें त्याच्या आधारें, वाचकहो, आपण मनानेंच एक दिवस तेथें चालूं या. काळ ऑक्टोबरचा आरंभ आहे असें समजा.

पाऊल टाकतांच वाळू लागते. फार प्राचीन काळीं दक्षिणेकडील डोंगराळ पठारावरून वाहून आलेली वाळू व चिकणमाती येथें पसरली. चिकणमातीच्या थरामुळें पावसाचें पाणी खोल मुरत नाहीं. हिवाळ्यांत जमीन चिंब, उन्हाळ्यांत ठणठणीत कोरडी. शेतकऱ्यास दोन्हीकडून मार. वाटेच्या दोहों बाजूंस ओक, पाइन व पांढऱ्या सालीचे भूर्ज उभे आहेत. त्यांच्याखालीं नेच्यांचीं पानें या दिवसांत तांबूस होऊं लागलेलीं असतात. मोकळ्या जागीं हीदर नांवाचें गुडघाभर उंचीचें झुडूप पसरलेलें दिसतें. उन्हाळ्याच्या अखेरीस आलेलीं त्याचीं जांभळीं फुलें आतां सुकत आलीं आहेत. थोडें पुढें जावें तों झाडी विरळ होते, बोरूचें बेट दिसतें, एखादा राखी बगळा जड पंखांनीं उठतो, आणि समोर पाणी पसरलेलें असतें.

हीं तळीं निसर्गानें केलेलीं नाहींत. सखल जागेच्या तोंडाशीं मातीचा बांध घालून माणसानें तीं केलीं, आणि त्यांतील पुष्कळांचा आरंभ मध्ययुगांतील मठवासी संन्याशांनीं केला. त्या काळच्या ख्रिस्ती आचाराप्रमाणें चाळीस दिवसांच्या उपासकाळांत व दर शुक्रवारीं मांस वर्ज्य असे. मासे मात्र चालत. समुद्र दूर, आणि धान्य धड पिकत नाहीं. तेव्हां ज्या पाण्यानें शेती बुडे तेंच अडवून त्यांत मासे वाढविण्याची युक्ति निघाली. बांधाच्या तळाशीं एक दार असतें. त्यास फ्रेंच भाषेंत ‘बोंद’ म्हणतात. शरद ऋतूंत व हिवाळ्यांत तें उघडून तळें हळूहळू रिकामें करितात. पाणी ओसरतें तसतसे मासे बांधाजवळच्या खोल जागीं गोळा होतात, व तेथून ते जाळ्यानें काढले जातात. त्यांत कार्प हा मुख्य. तो आपल्या रोहूच्या व कटल्याच्याच कुळांतला. तळीं पुष्कळ ठिकाणीं माळेप्रमाणें एकाखालीं एक असल्यामुळें वरच्या तळ्यांतून सोडलेलें पाणी खालचें तळें भरतें. शेजाऱ्याशीं भांडून असा धंदा करतां येत नाहीं, हें उघड आहे.

फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली तेव्हां तळीं काढून टाकावीं व त्यांच्या जागीं धान्य पेरावें असें ठरलें, आणि १७९३ सालच्या डिसेंबरांत तसा कायदाही झाला. १७९५ सालीं तो मागें घ्यावा लागला. पॅरिसमध्यें बसून चिकणमातीस हुकूम सोडतां येत नाहीं.

तथापि तळ्यांविषयींची भीति निराधार नव्हती. सोलोन्याच्या मध्यभागीं सें-व्यात्र नांवाचें खेडें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याचें नांव त्रांब्लव्हीफ असें होतें. पंडित या नांवाची व्युत्पत्ति निराळी देतात. पण लोक त्याचा संबंध ‘कांपणें’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दाशीं लावीत, कारण हिंवतापानें थरथरणारे रोगी तेथील संताच्या नांवें बरे होण्याची याचना करण्यास येत. दलदलीची दूषित हवा हेंच तापाचें कारण असें त्या काळीं शहाणे लोकही मानीत. पुढें १८८० सालीं फ्रेंच सैन्याचे वैद्य आल्फोंस लाव्हरां यांनीं अल्जीरियांत रोग्याच्या रक्तांत या तापाचा जंतू पाहिला. आणि १८९७ सालीं रोनाल्ड रॉस यांनीं तो डांसाच्या पोटांत शोधून काढला, तो आपल्याच सिकंदराबाद शहरीं. त्रांब्लव्हीफच्या कंपाचा उलगडा दख्खनच्या पठारावर व्हावा, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

सोलोन्याचें रूप पालटलें तें बादशहा तिसरा नेपोलियन याच्या काळांत. त्यानें १८५२ सालीं लामोत-ब्यूव्रों येथें जमीनजुमला घेतला. १८५९ सालीं तेथील शेतीच्या सुधारणेसाठीं एक मध्यवर्ती समिति स्थापन झाली. चर खणले गेले, रस्ते झाले, ओसाड माळांवर पाइनचीं झाडें लागलीं. आंबट जमिनीस चुना हवा, म्हणून ४७ किलोमीटर लांबीचा सोल्द्र कालवा काढण्यांत आला. त्यावरून चुनखडीची माती नावांत भरून येई. त्या मालवाहू नावा केव्हांच थांबल्या. त्यांस ओढणाऱ्यांच्या पायाखालची काठची वाट मात्र आज हिंडणाऱ्यांच्या कामीं येते. पाइनचा इतिहास इतका सरळ नाहीं. १८७९-८० च्या हिवाळ्यांत अशी भयंकर थंडी पडली कीं उबदार समुद्रकांठाहून आणलेल्या जातीचीं झाडें हजारों हेक्टरांवर मरून गेलीं, आणि उत्तरेकडील काटक स्कॉच पाइन लावून पुन्हा आरंभ करावा लागला. जें रान पाहून आपण त्यास अनादि म्हणूं, त्यांतील बरेंचसें आपल्या पणजोबांच्या वयाचें आहे.

ताप गेला, रान वाढलें, आणि १८४७ पासून आगगाडी होतीच. पॅरिसचे धनिक शिकारीसाठीं येऊं लागले व त्यांनीं रानें विकत घेतलीं. गरीब खेडुतास ज्या रानांत ससा मिळे तें आतां परक्याचें झालें. मोरीस झनव्हा या लेखकाच्या ‘राबोल्यो’ या कादंबरीचा नायक असाच चोरून शिकार करणारा सोलोन्यवासी आहे. तिला १९२५ सालीं गोंकूर पारितोषिक मिळालें. रानास कुंपण घालण्याची हौस मात्र त्याहून जुनी. प्रदेशाच्या उत्तर टोंकास असलेल्या शांबोरच्या राजवाड्याभोंवतीं ३२ किलोमीटर लांबीची भिंत आहे, व तींत सुमारें ५,४०० हेक्टर वन कोंडलेलें आहे. पण राजाची भिंत एकच होती. गेल्या कांहीं दशकांत अनेक खाजगी मालकांनीं पुरुषभर उंचीच्या तारेच्या जाळ्या आपापल्या रानांभोंवतीं लावल्या. आंत डुकरें व हरणें अडकलीं. बाहेरचीं बाहेर राहिलीं. आणि मधून जाणारा वाटसरू पिंजऱ्यांच्या दोन रांगांमधून चालूं लागला.

आतां वाटेविषयीं. फ्रान्समध्यें खेड्यांतील कित्येक जुन्या वाटा गांवाच्या मालकीच्या असतात, व त्या सर्वांस खुल्या असतात. पण अशी वाट लोकांच्या वापरांतून गेली असें ठरलें, तर चौकशी करून गांवास ती विकतां येते. म्हणजे जी वाट कोणी तुडवीत नाहीं ती आज ना उद्यां कोणाच्या तरी कुंपणांत जाण्याचा संभव. यावरून हिंडणाऱ्यांच्या मंडळांचें महत्त्व कळेल. ज्या वर्षीं आपला देश स्वतंत्र झाला त्याच १९४७ सालीं, झां ल्वाझो नांवाच्या एका वास्तुशिल्पज्ञाच्या कल्पनेंतून, ल्वारच्या कांठीं ऑर्लेआं ते बोजांसी ही खुणा केलेली पहिली लांब पल्ल्याची पायवाट सुरू झाली. खूण अगदीं साधी: झाडावर किंवा दगडावर वर पांढरा व खालीं तांबडा पट्टा. त्याच पट्ट्यांची फुली दिसली तर समजावें, वाट चुकली. हें रंगकाम हजारों स्वयंसेवक बिनमोल करितात, आणि आज अशा वाटांची लांबी सुमारें ६०,००० किलोमीटर भरते.

जाळ्यांविरुद्ध ओरड वाढत गेली, व २ फेब्रुवारी २०२३ रोजीं कायदा झाला. रानांतील कुंपण जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर असावें व त्याची उंची १ मीटर २० सेंटिमीटरांहून अधिक नसावी, असें त्यानें ठरविलें. गेल्या तीस वर्षांतील जुन्या कुंपणांस सुधारणेसाठीं १ जानेवारी २०२७ पर्यंत मुदत दिली. घर, बाग, गुरें वगैरेंसाठीं अपवाद आहेत. पण याच कायद्यानें दुसरेंही केलें: मालकी स्पष्टपणें दर्शविलेल्या दुसऱ्याच्या रानांत परवानगीवांचून शिरणें हा दंडास पात्र गुन्हा ठरविला. कित्येक हिंडणारे यामुळें नाराज झाले. माझ्या मतें हा सौदा वाजवी आहे, परंतु एका अटीवर: गांवाची वाट गांवानें विकतां कामा नये. रानांत शिरण्यास बंदी आणि वाटही नाहीं, असें झालें तर वाजवीपणा कोठें उरला? आमच्या वाचकांपैकीं कोणाचें मत निराळें असेल, तर तें ऐकण्यास मी तयार आहें.

लेख छापण्यापूर्वीं मीं तो त्या शाईवाल्या विद्यार्थ्यास वाचावयास दिला. त्यानें लागलीच विचारलें, “सर, तीस सेंटिमीटरांतून डुक्कर जाईल काय?” मीं सांगितलें कीं लहान प्राणी व डुकराचीं पिलें सहज जातील, मोठें डुक्कर नाकानें माती उकरून जाईल, आणि सांबराचा नातलग जो तिकडचा तांबडा हरिण, तो वरून उडी घेईल, उंचीचा आंकडा त्याच्यासाठींच आहे. त्याचें समाधान झालें नाहीं. त्यानें आपली फूटपट्टी बांकाखालीं उभी धरली, आणि पालथा पडून तो स्वतः पलीकडे निघतो कीं काय तें पाहूं लागला.