डोंगरी रानबकऱ्यांतील लूत

लूत भरलेले कुत्रे खेड्यातील प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. परंतु मनुष्यवस्तीपासून दूर, कड्याकपारींत वावरणाऱ्या वन्य पशूंनाही हाच रोग गाठतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. दक्षिण स्पेनमधील काझोर्ला पर्वताचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तेथील संरक्षित अरण्यात आयबेक्स नावाच्या रानबकऱ्या हजारोंनी नांदत होत्या. १९८७ साली त्यांच्यात लूत शिरली आणि थोड्याच वर्षांत शेकडा ९५ हून अधिक बकऱ्या नाहीशा झाल्या. चराईस आलेल्या पाळीव शेळ्यांकडून हा रोग तेथे पोहोचला असावा, असे मानले जाते.

रोगाचे कारण सार्कोप्टीस स्केबिआय हा जीव. त्यास ‘खरजेचा किडा’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी तो कीटक नव्हे. गोचीड व कोळी यांच्या वर्गातील आठ पायांचा प्राणी होय. (बोनोमो या इटालियन वैद्याने १६८७ मध्येच त्याचा खरजेशी संबंध दाखविला होता.) अर्ध्या मिलिमीटरहून लहान अशी मादी कातडीत बोगदा पोखरून त्यात अंडी घालते. दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. जनावर खाजवून बेजार होते, केस झडतात, कातडीवर जाड खपल्या धरतात. चरणे सुटते आणि कृश झालेला देह थंडीस बळी पडतो. हिवाळ्याच्या आरंभी माजाच्या दिवसांत नर-माद्या एकत्र येतात, अंगास अंग लागते. म्हणून हिवाळ्याच्या अखेरीस व वसंतात रोगाचा जोर अधिक दिसतो.

पाळीव शेळीस औषध टोचता येते; कड्यावरील रानबकरीस धरणार कोण? म्हणून रोगी जनावरे गोळी घालून मारण्याचा उपाय योजला जातो. तो सरसकट योग्य म्हणता येत नाही. त्याच देशातील सिएरा नेवाडा पर्वतात १९९२ पासून लूत आहे, पण काझोर्लासारखा संहार तेथे झाला नाही. काही बकऱ्या आपोआप बऱ्या होतात. दिसेल ते रोगी जनावर मारल्यास ही प्रतिकारशक्ती असलेली जनावरेही मारली जातात.

मुले या पाठानंतर शेळीपासून खरूज होते काय, असे विचारतील. मनुष्याच्या व शेळीच्या खरजेचे जीव एकाच जातीचे, परंतु निरनिराळ्या प्रकारांचे आहेत. लूत भरलेली शेळी हाताळणाऱ्यास खाज सुटते, पण तो जीव मनुष्याच्या कातडीत वंश वाढवू शकत नाही. संपर्क थांबताच खाज ओसरते. वर्गात पसरणारी खरूज मात्र एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाते.