तात्यांची गाडी आणि माईंची बुडी

सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात तात्या आणि माई राहतात. तात्यांनी एस. टी.त 31 वर्षे ड्रायव्हरकी केली. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकही मोठा अपघात झाला नाही. ब्रेक दाबून पाहिल्याशिवाय आणि टायरची हवा तपासल्याशिवाय त्यांनी कधी गाडी डेपोबाहेर काढली नाही. माई शेतात राबल्या. लहानपणी त्यांच्या नशिबी शाळा नव्हती. पन्नाशीला आल्यावर त्या रात्रीच्या वर्गात बसल्या आणि लिहायला-वाचायला शिकल्या.

तात्या निवृत्त झाले. मुलीचे लग्न झाले. मुलगा कामाधंद्याला लागला. तेव्हा तात्या एक दिवस माईंना म्हणाले, "आजवर लोकांना त्यांच्या गावी पोचवलं. आता आपण दोघं जरा लांब जाऊन येऊ."

"कुठं?"

"मालदीवला. समुद्राच्या पोटात उतरून मासे बघता येतात म्हणे तिथं."

गावात ही बातमी पसरली. पारावर लोक हसू लागले. "म्हातारपणी काशीला जावं, तर हे निघाले समुद्रात बुड्या मारायला!"

माईंनी शांतपणे उत्तर दिले, "काशी झाली. पंढरीची वारी दर साली होतेच. समुद्रपण देवानंच केलाय की! तो बघितला तर काय बिघडलं?"

बेटांचा देश

मालदीव हा हिंदी महासागरातला छोटा देश. मुंबईहून विमानाने साधारण तीन तास लागतात. या देशात जवळजवळ 1,200 लहान लहान बेटे आहेत. त्यांतल्या सुमारे 200 बेटांवरच गावे आहेत. देशातली बहुतेक जमीन समुद्राच्या पाण्यापेक्षा जेमतेम एक-दीड मीटर उंच आहे. माले ही राजधानी. भाषा दिवेही. ती आपल्या भाषांच्या लांबच्या नात्यातली आहे. तीनला ते 'तिनेह' म्हणतात आणि सातला 'हतेह'. लिहिताना मात्र ते उजवीकडून डावीकडे लिहितात. एकेकाळी इथल्या कवड्या बंगालात जात आणि तिथे नाणे म्हणून चालत.

श्रीमंत प्रवासी वेगळ्या बेटांवरच्या महागड्या हॉटेलांत उतरतात. पण 2009 नंतर गावांच्या बेटांवरही पाहुण्यांसाठी साधी घरे उघडू लागली. तात्या-माई अशाच एका घरी उतरले. बेटाचे नाव माफुशी.

देश मुसलमान धर्माचा. गावाच्या बेटांवर दारू मिळत नाही. पाहुण्यांनी अंगभर कपडे घालून फिरावे, अशी रीत आहे. माईंना त्यात काही नवे वाटले नाही. त्या आपल्या लुगड्यातच बेटभर हिंडल्या.

पाहुणचार

सकाळी न्याहरीला रोशी आली. रोशी म्हणजे आपल्या पोळीसारखीच. तिच्याबरोबर मशुनी. शिजवलेला ट्यूना मासा, खोवलेले ओले खोबरे, कांदा, मिरची आणि लिंबू एकत्र चुरून मशुनी करतात. तात्यांनी ती आवडीने खाल्ली. माई माळकरी. त्यांनी खुणेनेच गळ्यातली तुळशीची माळ दाखवली आणि माशाला हात जोडले. घरधनीण हसली. दुसऱ्या दिवशी तिने माशाऐवजी भोपळा घालून मशुनी केली. माईंनी तिच्या हातावर घरचा शेंगदाण्याचा लाडू ठेवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण पोट भरले.

एक कागद

तिसऱ्या दिवशी दोघे बुडी शिकवणाऱ्या केंद्रात गेले. तिथल्या माणसाने दोघांपुढे एकेक छापील कागद ठेवला. कागद इंग्रजीत होता. तात्यांना इंग्रजी थोडेफार वाचता येई. त्यांनी भराभर सगळीकडे 'नाही'वर खूण केली आणि सहीसाठी पेन उचलले.

माई म्हणाल्या, "अहो, काय लिहिलंय त्यात?"

"काही नाही गं. नेहमीचंच आहे."

"नेहमीचं असेल तर वाचून दाखवा. वाचल्याबिगर सही करायची नाही, असं वर्गात शिकवलंय मला."

तात्या गप्प बसले. केंद्रातल्या माणसाला हिंदी येत होते. त्याने एकेक प्रश्न वाचून दाखवला. दम्याचा त्रास आहे का? हृदयाचा आजार आहे का? मधुमेह आहे का? कानाचे दुखणे आहे का? वय 45 च्या वर असून रक्तदाब जास्त आहे का?

माईंनी तात्यांकडे पाहिले. तात्यांना चार वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू होती. प्रवासाच्या गडबडीत गोळ्या घरीच राहिल्या होत्या. हे त्यांनी माईंनाही सांगितले नव्हते.

"एवढा खर्च करून आलोय," तात्या हळूच म्हणाले. "खरं लिहिलं तर हे पाण्यात उतरू द्यायचे नाहीत."

माई म्हणाल्या, "31 वर्षं ब्रेक बघितल्याबिगर गाडी काढली नाहीत. मागं बसलेल्या पन्नास माणसांची काळजी केलीत. मग या गाडीचा ब्रेक कोण बघणार? हिच्यात तर मीपण बसलेय."

तात्यांनी खूण खोडली आणि 'होय' लिहिले.

बेटावरच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. तो 180 वर 110 निघाला. डॉक्टर म्हणाले, "बुडी बंद. आधी गोळ्या सुरू करा. पाण्यात शिरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं. हृदयाला जास्त काम पडतं. एवढ्या दाबावर खाली काही झालं, तर मदत पोचेपर्यंत उशीर होतो."

तात्यांचा चेहरा उतरला. पण गोळी त्यांनी तिथल्या तिथे घेतली. माईंना मात्र कसलाही आजार नव्हता. माहेरच्या विहिरीत त्या पोहायला शिकल्या होत्या. त्यांना परवानगी मिळाली.

पाण्याचा दाब

बुडीआधी शिकवणारा समजावून सांगू लागला. ते तात्यांना लगेच कळले. दाबाचे गणित त्यांनी टायरवर शिकलेलेच होते.

आपल्या अंगावर हवेचा दाब असतोच. पाण्यात 10 मीटर खोल गेले, की एकूण दाब दुप्पट होतो. 20 मीटरवर तिप्पट होतो. वर फुगवलेला फुगा 10 मीटर खाली नेला, तर आकाराने निम्मा होतो. उलट, 10 मीटर खाली भरलेला फुगा वर येताना दुप्पट फुगतो. आपली फुप्फुसेही फुग्यासारखीच. खाली श्वास घेऊन तो रोखून धरला आणि वर आलो, तर फुप्फुसे फाटू शकतात. म्हणून पहिला नियम असा : पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. सतत सावकाश घेत-सोडत राहायचे.

पाठीवरच्या टाकीत नुसता प्राणवायू असतो, असे पुष्कळांना वाटते. सहसा तिच्यात आपली साधी हवाच दाबून भरलेली असते. दाबाखाली हवेतला नायट्रोजन वायू रक्तात विरघळतो. सोड्याच्या बाटलीचे बूच एकदम काढले की बुडबुडे उसळतात. तसेच घाईने वर आले, तर रक्तात बुडबुडे होतात. त्याने सांधे दुखतात, अंग लुळे पडते, जीवही जातो. म्हणून सावकाश वर यावे.

माईंची बुडी

होडीला तिथे धोणी म्हणतात. तात्या धोणीत बसून राहिले. माई शिकवणाऱ्याचा हात धरून उतरल्या. कान दडपले, तसे त्यांनी नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले. कान मोकळे झाले.

आठ मीटर खाली वेगळेच जग होते. पिवळे मासे, निळे मासे, दगडासारखी दिसणारी प्रवाळे. प्रवाळ हा दगड नसून लाखो बारीक जीवांची वसाहत असते. पोपटाच्या चोचीसारखे तोंड असलेले मासे ती कुरतडत होते. हे मासे प्रवाळाचे पीठ करून बाहेर टाकतात. बेटांवरची पुष्कळशी पांढरी वाळू अशीच तयार होते. काही ठिकाणी प्रवाळ पांढरेफटक, मेलेले दिसले. पाणी फार तापले की प्रवाळ असे मरते. 1998 आणि 2016 साली इथले पुष्कळ प्रवाळ असे गेले.

माईंना आनंद झाला. 'छान!' म्हणून त्यांनी अंगठा वर केला. तशी शिकवणाऱ्याने त्यांना वर न्यायला सुरुवात केली! पाण्याखाली अंगठा वर करणे म्हणजे 'मला वर जायचे आहे.' 'ठीक आहे' सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. माईंना चूक आठवली. त्यांनी घाईघाईने गोल केला. पुन्हा दोघे खाली गेले.

वर येताच तात्यांनी हात देऊन त्यांना धोणीत घेतले. "काय दिसलं?" ते विचारत होते. माई सांगत होत्या आणि तात्या लहान मुलासारखे ऐकत होते.

बुडीनंतर लगेच विमानात बसणे धोक्याचे असते. उंचावर हवेचा दाब कमी होतो आणि रक्तात बुडबुडे होऊ शकतात. निदान 18 तास, शक्यतो पूर्ण दिवस थांबावे. माईंनी हे आधीच विचारून घेतले होते. म्हणून जाण्याआधीचा सबंध दिवस दोघे किनाऱ्यावर चहा पीत बसले.

आता तात्या रोज गोळी घेतात. सकाळी चालायला जातात. माई भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर आठवड्याचा रक्तदाब लिहून ठेवतात. परवा तो 130 वर 80 होता. तात्या म्हणाले, "ब्रेक लागायला लागले. डॉक्टरांना विचारू. ते हो म्हणाले तर पुढच्या साली मीपण उतरणार."

शब्दांचे अर्थ
वसाहत – एकत्र राहणाऱ्यांची वस्ती
तर्जनी – अंगठ्याजवळचे बोट

प्रश्न
1. तात्यांनी कागदावर आधी खोटे का लिहिले?
2. पाण्याखाली श्वास का रोखू नये?
3. माईंनी कोणती खूण चुकवली? त्यामुळे काय झाले?
4. तुम्ही न वाचता कधी सही किंवा अंगठा केला आहे का? वर्गात सांगा.

करून पाहा
काचेचा रिकामा पेला पालथा करून बादलीतल्या पाण्यात सरळ खाली दाबा. पेल्यात पाणी भरत नाही. का, ते गुरुजींना विचारा.