मार्लवाईचे पाहुणे



परदेशात जाऊन एखाद्या आदिवासी गावात वर्ष-दोन वर्षे सेवा करावी, अशी इच्छा आपल्या तरुण-तरुणींपैकी काहींच्या मनात असते. बाहेरदेशांतील स्वयंसेवक आपल्याकडेही येतात. दोघांपुढचा प्रश्न एकच असतो. ज्या गावाने आपल्याला बोलावलेले नाही, त्या गावात राहायचे कसे?

या अभ्यासासाठी फार दूर जायला नको. किनवटच्या पलीकडे, तेलंगणातील आजच्या कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मार्लवाई नावाचे गोंडांचे गाव आहे. १९५६ पर्यंत किनवट तालुकाही आदिलाबाद जिल्ह्यातच होता आणि नांदेडसह हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. म्हणजे ही हकीकत तशी आपल्याच घरची.

ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा जन्म १९०९ मध्ये व्हिएन्ना येथे झाला. मानववंशशास्त्राचा अभ्यास करण्यासाठी ते भारतात आले. १९३६-३७ मध्ये ते नागा टेकड्यांतील कोन्याक नागांमध्ये राहिले होते. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते पत्नी बेटी यांच्यासह हैदराबाद संस्थानात होते. जर्मनीने आदल्याच वर्षी ऑस्ट्रिया घेतल्यामुळे त्यांचा पासपोर्ट जर्मन, म्हणजे इंग्रजांच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक. त्यांना हैदराबाद संस्थानाबाहेर जाता येईना. या नाइलाजातून त्यांचा गोंडांशी संबंध आला. सेवेला जाणारा प्रत्येकजण मोठी हाक ऐकूनच निघतो असे नाही, एवढे येथे नोंदवून पुढे जाऊ.

गोंडांचे दिवस तेव्हा वाईट होते. जंगल राखीव झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनी त्या हद्दीत गेल्या. बाकीच्या जमिनींचे पट्टे बाहेरून आलेल्यांच्या नावावर चढले. सरकारी कागद उर्दूत आणि गोंडांना अक्षरओळख नाही. कुमराम भीम यांनी उठाव केला आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे ते पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. हे का घडले याचा शोध घेण्याचे काम निजाम सरकारने हायमेनडॉर्फ यांच्याकडे सोपवले.

आता विचार करा. गावावर नुकताच गोळीबार झालेला आहे आणि त्याच सरकारचा माणूस, तोही गोरा, गावात येतो. गावकरी त्याच्याजवळ मन मोकळे का करतील?

हायमेनडॉर्फ पतिपत्नींनी मार्लवाईत घर केले आणि तेथे दीर्घकाळ राहिले. डाकबंगल्यात उतरून चार माणसे बोलावून घेतली आणि अहवाल लिहिला, असे झाले नाही. ते गोंडी शिकले. मराठी माणसाला गोंडी आपल्याच भाषेची एखादी बोली वाटते, पण ती द्राविडी कुळातली, तेलुगूच्या गोत्रातली भाषा आहे. ती कानावरून सहज येत नाही, बसून शिकावी लागते. भाषा येत नसली की दुभाषा लागतो आणि अशा गावात दुभाषा कोण मिळणार? पटवारी, नाहीतर जंगलचा शिपाई. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच तोंडून तक्रार सांगायची, मग ती कोण सांगेल? माझ्या मते बाहेरून येणाऱ्याने भाषा शिकायची ती मुख्यतः यासाठी. ‘लोकांना बरे वाटते’ हे कारण त्यानंतरचे. आपल्या फादर स्टीफन्स यांची आठवण येथे होतेच. ते इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. मधली सदतीस वर्षे आपण सहसा मोजत नाही.

मार्लवाईत १९४३ मध्ये गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. बाहेरचे शिक्षक आणले नाहीत. थोडेफार मराठी लिहिता-वाचता येणारे गोंड तरुण शोधले आणि त्यांनाच तयार केले. मुलांसाठी गोंडी भाषेतली पुस्तके देवनागरी लिपीत काढली. पुढे हजारो कुटुंबांना जमिनीचे पट्टेही मिळाले.

याच आदिलाबादेत सेतुमाधवराव पगडी हे अधिकारी म्हणून काम करीत होते. लातूर जिल्ह्यातील निलंगा हे त्यांचे जन्मगाव. इतिहासकार म्हणून ते आपल्याला ठाऊक आहेत, पण त्यांनी गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली, हे फार थोड्यांना माहीत असते. त्यांनी समुद्र ओलांडला नव्हता. तरी निलंग्याच्या माणसाला कोलामांचा गुडा परदेशच होता. आजही लातूरहून किनवटला जाणाऱ्याने आपण परक्या मुलखात आहोत असे समजूनच वागावे. ‘आम्ही इथलेच’ म्हणणारा माणूस ऐकतो कमी आणि सांगतो जास्त.

प्रभू येशूने बहात्तर शिष्यांना पाठवताना काय सांगितले ते संत लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात वाचा. बरोबर थैली नको, एकाच घरी राहा, पुढे येईल ते खा. काही देण्याआधी त्यांना दुसऱ्याच्या घरचे घ्यायला लावले आहे. स्वयंसेवकाला हेच जड जाते. तो द्यायला आलेला असतो आणि गरिबाघरची भाकरी घेताना संकोचतो. पण नको म्हटलेली भाकरी घरधनिणीच्या लक्षात राहते.

घाई न करण्याबद्दल गोंडांचीच एक रीत सांगतो. केसलापूरला पौष अमावस्येला नागोबाची जत्रा भरते आणि आपल्या महाराष्ट्रातूनही लोक जातात. तेथे मेस्राम कुळात लग्न होऊन आलेल्या नव्या सुनांची देवाशी रीतसर भेट घडवतात. त्याला ‘भेटिंग’ म्हणतात. ती झाल्यावरच सून कुळाच्या देवकार्यात पूर्णपणे सामील होते. जिथे घरच्या सुनेलाही वेळ लागतो, तिथे महिन्यापूर्वी आलेल्या पाहुण्याने देवाच्या जागी कुठवर जावे, फोटो कशाचा काढावा, पंचायतीत कधी बोलावे, हे स्वतःच ठरवू नये. विचारावे, आणि नाही म्हटले तर रागावू नये.

बेटी यांचे ११ जानेवारी १९८७ रोजी हैदराबादला निधन झाले आणि त्यांना मार्लवाईत मातीत ठेवले. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला वारले. त्यांच्या अस्थी २०१२ मध्ये मार्लवाईत आणून पत्नीशेजारी ठेवण्यात आल्या.

इतका मान मिळाला तरी सगळे टिकले नाही, हेही सांगितले पाहिजे. हायमेनडॉर्फ यांचे म्हणणे चालत होते त्याचे एक कारण असे की ते निजाम सरकारचे सल्लागार होते. साधा स्वयंसेवक तेवढा वजनदार नसतो, आणि ते वजनही माणसाबरोबर निघून जाते. १९७० च्या दशकात ते परत आले तेव्हा बऱ्याच गोंडांच्या जमिनी पुन्हा दुसऱ्यांच्या हाती गेल्या होत्या. १९८२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी ते स्पष्ट लिहिले आहे.

म्हणून निघण्याची तयारी करणाऱ्याने कपड्यांच्या यादीआधी एका प्रश्नाचे उत्तर लिहून काढावे: मी परतल्यावर हे काम कोण करील? मार्लवाईत शाळेपुरते उत्तर तयार होते, कारण शिकवणारे गावचे होते. जमिनीचे काम मात्र कचेरीतल्या माणसांवर अवलंबून होते आणि ती माणसे बदलली.