लस कधी, जंताचं औषध कधी?



घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी टोचतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण लस टोचली की लगेच जनावर सुरक्षित होत नाही. अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून तारीख पावसापासून *उलटी मोजा*. ७ जूनच्या आसपास पाऊस धरला, तर लस मे महिन्याच्या मध्यापर्यंत टोचून व्हायला हवी. जंताचं औषध त्याच्याही १०-१५ दिवस आधी, म्हणजे मे लागताच. जंतांनी खंगलेल्या जनावराच्या अंगी लस नीट लागत नाही. म्हशीवाल्यांनी तर अजिबात रेंगाळू नये. घटसर्प म्हशींना जास्त धरतो आणि उपचाराला एक दिवससुद्धा देत नाही.

जंताचं औषध देताना जनावर गाभण आहे का, किती महिन्यांचं, ते डॉक्टरांना आधी सांगा. पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल देऊ नये. औषधानंतर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, ते बाटलीवर लिहिलेलं असतं. तेवढं वाचाच.

आता महत्त्वाचं. गावात अचानक लसीकरण आलं आणि जंताचं औषध द्यायचं राहिलंय, म्हणून *लस परत पाठवू नका*. औषध आधी दिलेलं असणं चांगलं, पण त्यापायी लसच हुकली तर नुकसान मोठं. जनावर धडधाकट असेल तर टोचून घ्या, औषधाचं मागाहून डॉक्टरांना विचारा. ताप आहे, खात नाही, आजारी आहे, अशा जनावराचं मात्र आधी सांगा. शेवटच्या महिन्यातली गाभण गाय-म्हैस असेल तर तेही. तिला पाडून, ओढाताण करून धरू नका.

लसीनंतर एक-दोन दिवस अंग तापतं, दूध थोडं कमी होतं. ते भरून येतं. पण त्याच आठवड्यात खच्चीकरण, शिंगं काढणं, लांबचा बाजार असं काही काढू नका. दोन आठवडे मध्ये जाऊ द्या. रेतन नुकतंच झालं असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण त्या दिवसांत ताप नको.

लाळ्या खुरकुताची लस वासराला चौथ्या महिन्यात, महिन्याने बूस्टर, मग दर सहा महिन्यांनी. ऊसतोडीला बैल नेणाऱ्यांनी ती निघायच्या किमान तीन आठवडे आधी टोचून घ्यावी. कारखान्यावर दहा गावचे बैल एकत्र येतात.

सांसर्गिक गर्भपाताची (ब्रुसेल्ला) लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना, आयुष्यात एकदाच. ही जिवंत जिवाणूंची लस आहे. कालवडीला अँटिबायोटिक चालू असेल तर लसीतले जिवाणूच मरतात आणि लस वाया जाते. त्यामुळे आधी कुठलं इंजेक्शन झालंय ते लपवू नका. टोचताना लहान मुलं जवळ नकोत. सुई माणसाला लागली तर लगेच दवाखाना गाठा.

प्रत्येक जनावराला वेगळी सुई आणि बर्फात ठेवलेली लस मागायला लाजू नका.

औषधाची आणि लसीची तारीख कानातल्या १२ अंकी टॅगच्या नंबरासमोर वहीत लिहून ठेवा. अडचण आल्यास जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा १९६२ वर फोन करा.